पावसाळा वगळलेली खाडी

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या खाडीकाठी बंदर, जेटी, रासायनिक कारखाना किंवा वीजप्रकल्प यायचा असला की आधी त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो. त्यासाठी खाडीची आजची स्थिती मोजून नोंदवायची असते. ही मोजणी कधी करायची? १९९४च्या अधिसूचनेच्या काळापासून 'जलद' अहवालासाठी ठरलेलं उत्तर आहे : कोणत्याही एका ऋतूत, पावसाळा सोडून. मार्च २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, त्यातही नदीखोऱ्यातले प्रकल्प वगळता इतरांसाठी हीच तरतूद होती. किनारपट्टी नियमनाची २०१९ची अधिसूचनाही सागरी भागासह जो अहवाल मागते, तो जलदच.

हा नियम हवेतली धूळ मोजणाऱ्यांच्या दृष्टीने कदाचित समजण्यासारखा आहे. पावसात धूळ बसते, आकडे फसवे येतात. पण तोच नियम खाडीला लावला की अनर्थ होतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्या पावसाळ्यातच घडतात. वर्षातले उरलेले आठ महिने त्या पावसाळ्याचेच परिणाम भोगत असतात. भातशेताची पाहणी फक्त एप्रिलमध्ये करायची आणि इथे काही पिकत नाही असा शेरा मारायचा, तसा हा प्रकार आहे. खाडीवरच्या प्रत्येक प्रकल्पासाठी पावसाळ्यासह पूर्ण वर्षाची मोजणी सक्तीची व्हावी, आणि त्या मोजणीत प्राणिप्लवकांना मध्यवर्ती जागा मिळावी, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं जरा सविस्तर सांगायला हवीत, कारण प्लवक हा विषय वर्तमानपत्रांत सहसा येत नाही.

प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे, प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले बारीक प्राणी. आपल्या खाड्यांत त्यांतला मोठा वाटा कोपेपॉडचा असतो. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, एक मिलिमीटरच्या आसपासचा हा कवचधारी जीव. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती खातो आणि स्वतः जवळ्याच्या, माशांच्या पिलांच्या तोंडी जातो. जवळ्यावर बोंबील जगतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्यमासा म्हणून मान दिला, त्या रुपेरी पापलेटच्या आहारातही कोपेपॉड आहेत. शिवाय कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं यांची पिल्लंही आयुष्याचे पहिले दिवस किंवा आठवडे प्लवक म्हणूनच काढतात. मासळीबाजारात जे टोपलीत दिसतं, त्यातलं बरंच काही आधी कधीतरी डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात खाडीत नाहीतर किनाऱ्याच्या पाण्यात तरंगत होतं.

आता ऋतूंकडे येऊ. मांडवी आणि जुवारी ही उदाहरणं घेतो, कारण दोनापावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे या दोन नद्यांच्या मुखांचा अभ्यास दीर्घकाळ झाला आहे. मे महिन्याच्या अखेरीस मांडवीच्या मुखाशी पाणी समुद्राइतकंच खारट असतं, क्षारता ३५च्या जवळपास, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. नदीतून येणारं गोडं पाणी तोवर अगदी थोडं उरलेलं असतं आणि भरतीबरोबर खारेपणा आत, खूप वर चढलेला असतो. मग जून येतो. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि काही दिवसांतच सगळं उलटतं. आतल्या टप्प्यांत पाणी पूर्ण गोडं होतं. मुखाजवळ वर गढूळ, जवळजवळ गोडा थर आणि खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्याची पाचर, अशी दोन मजली रचना तयार होते. या चार महिन्यांत नदीतून वाहून येणारं पाणी खाडीत एका वेळी मावणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट असतं. ऑक्टोबरनंतर पूर ओसरतो आणि खारेपणा भरती-ओहोटीच्या जोरावर हळूहळू, महिनोन्‌महिने, आत सरकत राहतो. या खाडीला स्थिर अवस्थाच नाही. ती एकतर झपाट्याने गोडी होत असते, नाहीतर सावकाश खारी होत असते. संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञांनी अशा नदीमुखांना 'मान्सूनी' हा वेगळा वर्ग दिला तो याचसाठी. युरोप-अमेरिकेतल्या नदीमुखांवर बेतलेले ठोकताळे इथे चालत नाहीत.

थंड देशांत प्लवकांचं वर्ष तापमान आणि सूर्यप्रकाश ठरवतात. आपल्याकडे पाण्याचं तापमान वर्षभरात काही अंशांनीच खालीवर होतं, पण क्षारता शून्य ते ३५ अशी झुलते. त्यामुळे इथला मुख्य सूत्रधार मीठ. त्याच्या जोडीला गढूळपणा, कारण गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही. पोषकद्रव्यं मुबलक असूनही सूक्ष्म वनस्पती पावसाळ्यात आतल्या भागात फारशा वाढू शकत नाहीत. त्याच्या जोडीला प्रवाहाचा लोंढा, जो प्लवकांना अक्षरशः समुद्रात ढकलून देतो. पाऊस थांबून पाणी निवळलं की जमिनीवरून आलेली खतावळ आणि ऊन यांची गाठ पडते, वनस्पतिप्लवक वाढतात आणि मागोमाग प्राणिप्लवकांची संख्या चढते. भर उन्हाळ्यापर्यंत समुद्रातल्या जाती खाडीत आत येत राहतात.

हे कागदावर सरळ वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते किती वेगळं दिसतं हे ज्यांनी नमुने पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारीत मुखाजवळ जाळं ओढून आणलेला नमुना काचेच्या बशीत ओतला तर पाणी स्वच्छ आणि गर्दी विलक्षण. पॅराकॅलॅनस, अकार्शिया, टेमोरा अशा कोपेपॉडांच्या झुंडी, त्यांच्यात काचेच्या सुईसारखे सॅजिटा हे बाणकिडे, लांब मानेचा, कोळंबीच्या जातकुळीतला ल्युसिफर, माशांची अंडी, कुर्ल्यांची काटेरी पिल्लं. ऑगस्टमध्ये त्याच खाडीच्या आतल्या टप्प्यातला नमुना ओतला तर आधी दिसतो चिखल. भाताच्या पात्यांचे तुकडे, कुजकी पानं, डासांच्या अळ्या. चिमट्याने कचरा बाजूला करत गेलं की मग गोड्या पाण्यातला मोइना सापडतो, रोटिफर हे अतिसूक्ष्म जीव सापडतात, आणि अधूनमधून स्यूडोडायाप्टोमस या कोपेपॉडची एखादी मादी, पोटाखाली अंड्यांच्या पिशव्या धरून. हिच्यासारख्या काही मोजक्या जाती निमखाऱ्या पाण्यात टिकून राहतात. भरतीला वर यायचं आणि ओहोटीला तळाकडे जायचं अशी हालचाल करून कोपेपॉड लोंढ्यातही खाडीतलं आपलं ठिकाण सांभाळू शकतात. अकार्शिया अंडी पाण्यात सोडून देते, स्यूडोडायाप्टोमस ती जवळ बाळगते. वाहत्या गढूळ पाण्यात या फरकाला मोठा अर्थ आहे. आणि त्याच सुमारास बाहेर, किनाऱ्याच्या पाण्यात, पेनिलिया आणि इव्हाडनी यांसारखे क्लॅडोसेरा, म्हणजे पाणपिसवा, प्रचंड संख्येने उसळतात. पावसाळ्यात प्लवक 'कमी होतात' हे अर्धसत्य आहे. ते बदलतात, जागा सोडतात, रूप बदलतात.

रूप बदलण्याचा एक प्रकार धोरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. क्लॅडोसेरा आणि कोपेपॉडांच्या कित्येक जाती प्रतिकूल काळासाठी जाड कवचाची सुप्त अंडी घालतात. ही अंडी तळाच्या गाळात पडून राहतात आणि पाणी अनुकूल झालं की फुटतात. म्हणजे पाण्यात एखादी जात दिसली नाही म्हणून ती खाडीत नाही असं म्हणता येत नाही. ती गाळात असू शकते. पावसाळ्याच्या आधी खाडीचा तळ खरवडून काढला, मग तो वाळूसाठी असो की नौकानयनाच्या मार्गासाठी, तर पाण्याबरोबर पुढच्या हंगामाचं हे बियाणंही हलवलं जातं. तळ उपसण्याची परवानगी देताना गाळातल्या सुप्त अंड्यांची तपासणी कुठे मागितलेली मी आजवर पाहिलेली नाही. ती मागितली पाहिजे.

आता पुन्हा त्या नियमाकडे. अठ्ठावीस-तीस अंशांच्या पाण्यात अकार्शियासारख्या कोपेपॉडची एक पिढी साधारण दहा-पंधरा दिवसांत पुरी होते. तीन महिन्यांच्या एका ऋतूत सहा ते नऊ पिढ्या. अहवालासाठी त्या ऋतूत एक-दोनदा होडी खाडीत जाते, चार-पाच ठिकाणी जाळं ओढते आणि तेवढ्यावर खाडीची 'आधाररेषा' ठरते. उधाणाच्या दिवशी नमुना घेतला की भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसा घेतला की रात्री, यावरसुद्धा आकडे कित्येक पटींनी बदलू शकतात.

त्यातून निघणारा विविधता निर्देशांक, म्हणजे किती जाती आणि कोणत्या प्रमाणात यावरून काढलेला एक आकडा, तर आणखी दिशाभूल करतो. मार्चमध्ये समुद्रातल्या जाती आत आलेल्या असतात, निर्देशांक भरघोस येतो आणि अहवालात 'खाडी निरोगी' असं लिहिलं जातं. प्रकल्प सुरू झाल्यावर कुणी सप्टेंबरमध्ये नमुना घेतला आणि निर्देशांक निम्म्यावर आला, तर कंपनी म्हणेल हा ऋतूचा परिणाम, मच्छीमार म्हणतील हा सांडपाण्याचा परिणाम. दोघांपैकी बरोबर कोण हे सांगायला लागणारी गोष्ट, म्हणजे प्रकल्पाआधीचा सप्टेंबर, कुणाकडेच नसते. ती मोजूच नका अशी मुभा नियमानेच दिलेली असते. माझ्या मते या एका त्रुटीमुळे खाडीकाठच्या लोकांची बाजू आधीच पडलेली असते. पावसाच्या आडोशाने सांडपाणी सोडलं जातं, अशी तक्रार खाडीकाठची माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. ती खरी की खोटी, हे पावसाळ्यातले आकडे नसताना ठरणार तरी कसं?

यात आणखी एक विसंगती आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदीमागचं एक मुख्य कारण हे की हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ आहे. कोकणातल्या प्रत्येक गावात चढणीचे मासे ठाऊक आहेत; रायगड-ठाण्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून, भातखाचरांतून चढून अंडी घालणारे हे मासे, आणि त्यांच्या पिलांचं पहिलं अन्न म्हणजे त्या उथळ पाण्यातले रोटिफर आणि क्लॅडोसेरा. खाडीत वाढलेली कोळंबी पाणी गोडं होताच समुद्राकडे निघते. हे सगळं सरकारला मान्य आहे, म्हणून मच्छीमाराने दोन महिने बोट किनाऱ्याला ओढून ठेवायची. मग त्याच दोन महिन्यांत खाडीत काय चाललं आहे हे पाहण्याची सक्ती प्रकल्पवाल्यावर का नाही? कोळ्याच्या चुलीला लागू असलेला तर्क कारखान्याच्या नळालाही लागू झाला पाहिजे.

वाशिष्ठीचं उदाहरण तर या चर्चेला थेट भिडतं. कृष्णा खोऱ्यातलं कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळी-कोळकेवाडीला वीज तयार होते आणि ते अवजल चिपळूणजवळ वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वापरासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मान्य केलं आहे. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला साधारण ६० हजार लिटर. कोकणातल्या बाकीच्या नद्या डिसेंबरनंतर आटत जातात, वाशिष्ठीला मात्र गेली साठेक वर्षं भर उन्हाळ्यातही गोडं पाणी मिळतं आहे, आणि तेही विजेच्या मागणीनुसार तासातासाला कमी-जास्त. म्हणजे चिपळूणपासून दाभोळपर्यंतच्या खाडीचे ऋतू निसर्गाइतकेच वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानेही ठरतात. शेजारच्या खाड्यांतले ठोकताळे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही याच खाडीत येतं, आणि ते किती पातळ होतं हे त्या क्षणी अवजल किती आहे यावर अवलंबून राहणारच.

हे अवजल मुंबईकडे किंवा कोकणातल्या इतर भागांकडे न्यावं, असा विचार अनेक वर्षं चालू आहे. पाणी समुद्रात 'वाया जातं' हे त्यामागचं नेहमीचं वाक्य. तहानलेल्या गावांना पाणी द्यायला माझा विरोध नाही. पण साठ वर्षांत या गोड्या पाण्यावर खाडीत जी जीवसृष्टी बसली असेल, ती पाणी काढून घेतल्यावर उन्हाळ्यात कुठल्या क्षारतेला सामोरी जाईल, निमखाऱ्या पाण्यातल्या जाती किती किलोमीटर वर ढकलल्या जातील, सांडपाण्याचं प्रमाण किती वाढेल, हे प्रश्न निर्णयाआधी सोडवायचे आहेत. त्यासाठी आजची वाशिष्ठी बाराही महिने मोजलेली हवी. म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहाच्या, पाणीवादातही हेच म्हणावं लागतं. २०१८च्या निवाड्याने कुणाला किती टीएमसी हे ठरवलं. वर्षाच्या एकूण पाण्याशी तुलना केली तर वळवायचं पाणी थोडं वाटतं. मांडवीच्या मुखातल्या जिवांना मात्र वर्षाची बेरीज कळत नाही, त्यांना ऑक्टोबरचं पाणी आणि जानेवारीचं पाणी कळतं. किती पाणी, या प्रश्नाइतकंच वजन केव्हाचं पाणी या प्रश्नाला द्यायला हवं.

या मागणीवर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, पावसाळ्यात होडी घालणं धोक्याचं. खुल्या समुद्रात ते खरं आहे. खाडीच्या आत गावागावांतल्या होड्या पावसाळ्यातही चालतात, आणि जेटीवरून, पुलावरून क्षारता, गढूळपणा, प्राणवायू मोजता येतो. मांडवी-जुवारीत अर्ध्या शतकापूर्वीही पावसाळ्यातले प्लवकांचे नमुने घेतले गेले आहेत, आजच्यापेक्षा कितीतरी तुटपुंज्या साधनांनी. पुराच्या ऐन दिवशी कुणी जाऊ नये. दोन सरींमधल्या उघडिपीत जायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : प्लवकांचे आकडे इतके खालीवर होतात की त्यावरून निर्णय घेता येत नाहीत. इंग्लंडच्या प्लिमथजवळच्या एल-फोर या ठिकाणी १९८८पासून आठवड्याला एकदा प्राणिप्लवक मोजले जात आहेत. उत्तर समुद्रात व्यापारी जहाजांमागे यंत्र ओढून नमुने घेण्याचं काम १९३१पासून चालू आहे. त्या दीर्घ नोंदींमुळेच कळलं की तिथली कॅलॅनस या कोपेपॉडची एक जात मागे हटून तिच्यासारखीच दिसणारी, पण वेगळ्या ऋतूत वाढणारी दुसरी जात आली, आणि कॉड माशाच्या पिलांना ऐन गरजेच्या महिन्यांत अन्न कमी पडू लागलं. २००३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष निव्वळ एकूण वजन मोजून हाती आला नसता. जाती ओळखल्या, ऋतू सांभाळला आणि दशकानुदशकं खंड पडू दिला नाही, म्हणून आला. आकडे खालीवर होतात हे खरं, आणि म्हणूनच एकदा मोजून भागत नाही.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. दोनापावलची संस्था आहे, तिचं मुंबईतलं केंद्र आहे, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. कमी पडताहेत ते जाती ओळखणारे डोळे. हे कौशल्य वर्षानुवर्षं बशीवर वाकून येतं, आणि ते असलेली पिढी निवृत्त होते आहे. जनुकीय चाचण्या मदतीला आल्या आहेत, पण त्यांच्यासाठी लागणारा संदर्भसंग्रह बनवायलाही आधी कुणीतरी जात ओळखून द्यावी लागते. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे नमुने वेगळे करायला कोचीला खास केंद्र उभं राहिलं होतं. तेव्हाच्या भारताला ते परवडलं, तर आजच्या भारताला नाही म्हणायचं कारण नाही.

खर्चाचा प्रश्न प्रकल्पाच्या किमतीशी ताडून पाहावा. दोनशे मायक्रॉनचं जाळं, प्रवाहमापक, फॉर्मलिनच्या बाटल्या, एक होडी, दोन विद्यार्थी आणि एक जाणकार. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला, एकदा उधाणाला, एकदा भांगाला. नोव्हेंबर ते मे महिन्यातून एकदा. म्हणजे प्रत्येक ठिकाणी वर्षाला सतरा फेऱ्या. दर फेरीत वरची आणि तळाची क्षारता, प्राणवायू, गढूळपणा, आणि वर्षातून दोनदा गाळाचा नमुना. अहवालात निर्देशांकाचा एक आकडा देऊन थांबायचं नाही, जातींची महिनावार यादी द्यायची आणि ती जनसुनावणीच्या आधी मराठीत, कोकणीत गावात ठेवायची. नमुन्यांच्या बाटल्या प्रकल्पवाल्याच्या गोदामात न ठेवता सरकारी संग्रहालयात जमा करायच्या, म्हणजे दहा वर्षांनी वाद झाला तर कुणालाही त्या उघडून पाहता येतील. मोजणी करणाऱ्या संस्थेची निवड आणि तिचं मानधन प्रकल्पवाल्याच्या हाती न राहता राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत व्हावं.

ही सुरुवात वाशिष्ठीपासून करावी, कारण तिथला अवजलाचा निर्णय अजून व्हायचा आहे. येत्या जूनला पहिलं जाळं पाण्यात पडायचं असेल, तर ठिकाणं, माणसं आणि पैसे एप्रिलच्या आत ठरायला हवेत.